तीन फिती

माणसाला हाक मारण्यासाठी मराठी भाषेने आपल्याला तीन सर्वनामे दिली आहेत: 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण'. व्याकरणाच्या पुस्तकात ही तिन्ही द्वितीय पुरुषात बसतात. व्यवहारात मात्र ती एकमेकांच्या पंक्तीलाही बसत नाहीत. देवाला आपण 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो आणि धुणे-भांड्याला येणाऱ्या बाईलाही 'तू' म्हणतो. या तीन 'तू'मधले अंतर ज्याला कळले, त्याला मराठी आली असे खुशाल समजावे.

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती चहाच्या पेल्याएवढ्या जागेत. दिवाळी अंकात पाटावर ऐसपैस बसायला मिळते. तेव्हा वाचकहो, आज एका 'ए'ची आणि त्यावरून उठलेल्या एका प्रश्नाची गोष्ट सांगावी म्हणतो.

आमचे गाव लष्कराचे. २०२४ सालापासून कागदोपत्री ते अहिल्यानगर झाले आहे, जिभेवर अजून नगरच आहे. रणगाडा दलाचे केंद्र आणि विद्यालय येथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही येथेच आहे. भिंगारच्या बाजूला पहाटे फिरायला जावे तर पळणाऱ्या तुकड्या दिसाव्यात, आणि एस. टी. स्टँडवर जावे तर काळी ट्रंक पायांशी ठेवून सुट्टीवर निघालेला जवान दिसावा, हे आम्हां नगरकरांच्या रोजच्या पाहण्यातले. गणवेशाचे आम्हांला नवल नाही. पण रोज दिसणारी वस्तू आपण पाहतोच असे थोडेच आहे?

तर झाले असे. जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर राष्ट्रीय छात्रसेनेचे दहा दिवसांचे शिबिर होते. सैनिकांच्या पत्रांवर चार शब्द बोलण्यासाठी मला बोलावणे आले. (मराठीच्या प्राध्यापकाला अशा शिबिरात बहुधा दुपारच्या जेवणानंतर बोलावतात, मुलांना विश्रांतीची गरज असते.) मी पोहोचलो तेव्हा सकाळची परेड संपत आली होती. सैन्यातून शिक्षक म्हणून आलेला एक हवालदार रांगेतून फिरत होता. चाळिशीच्या अलीकडचा, सातारा भागातला, रापलेल्या चेहऱ्याचा गृहस्थ. एका मुलापाशी थांबून तो म्हणाला, "ए, टोपी नीट कर."

मुलगा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षातला. खांद्यावर सीनियर अंडर ऑफिसरची पट्टी. तो सावधान स्थितीतच, पण साऱ्या तुकडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी सीनियर अंडर ऑफिसर आहे. हवालदारापेक्षा वरचा. मला 'ए' म्हणायचं नाही."

मागच्या रांगेत खसखस पिकली. हवालदाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "बरं साहेब," तो म्हणाला, "टोपी नीट करा." आणि तो पुढच्या मुलाकडे गेला.

या मुलाचे गणित काय होते ते पाहा. छात्रसेनेत लान्स कॉर्पोरलच्या दंडावर एक फीत, कॉर्पोरलच्या दोन, सार्जंटच्या तीन. अंडर ऑफिसर त्याच्याही वर. सैन्यात लान्स नायकाला एक फीत, नायकाला दोन, हवालदाराला तीन. म्हणजे सार्जंट बरोबर हवालदार, आणि अंडर ऑफिसर हवालदाराहून मोठा! त्रैराशिक बिनचूक आहे. फक्त एका बाजूला रुपये आहेत आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यांच्या खेळातल्या कवड्या. कॉलेजातल्या हुशार मुलाच्या दंडावर तिसरी फीत एक-दोन वर्षांत चढते. शिपायाला तिथवर पोहोचायला बर्फातल्या चौक्या, वाळवंटातले उन्हाळे आणि घरच्या किती तरी चुकलेल्या दिवाळ्या खर्ची घालाव्या लागतात. १९४८ च्या ज्या कायद्याने छात्रसेना जन्माला आली, त्याच कायद्याने छात्रावर युद्धसेवेचे बंधन ठेवलेले नाही. छात्राचा हुद्दा छात्रांपुरता. सैन्यातल्या शेवटच्या शिपायावरही त्याचा हुकूम चालत नाही.

पण मुलाचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. 'ए' हा शब्द एकोणीस-वीस वर्षांच्या कानाला टोचतो. आपल्याला कोणी मान द्यावा असे वाटण्याचे ते वयच असते. आमचे वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी छात्रसेनेचे अधिकारी आहेत. कामठीला प्रशिक्षण घेऊन आले तेव्हापासून त्यांचा कणा ताठ आणि बोलणे थोडके झाले आहे. त्यांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मैदानावरचा 'ए' हा शिवी नव्हे आणि सलगीही नव्हे. तबल्याच्या गुरूने शिष्याच्या बोटावर मारलेली टिचकी आहे ती." खडकवासल्याच्या प्रबोधिनीत उद्याच्या लेफ्टनंटांना कवायत शिकवतात ते हवालदार आणि सुभेदारच. मुलांना ते पळवतात, घाम काढतात. आणि त्यांतल्याच एखाद्या मुलाला कमिशन मिळाले की त्या दिवसापासून तोच वयाने दुप्पट असलेला उस्ताद त्याला सॅल्यूट करतो. तो सॅल्यूट राष्ट्रपतींच्या नावाने मिळालेल्या कमिशनला असतो, मिसरूड फुटलेल्या पोराला नव्हे. सॅल्यूट नियमाने मिळतो. आदराचा मात्र नियम कोठल्याच पुस्तकात लिहिलेला नाही.

मग ही 'वरचा-खालचा'ची बाराखडी मुलांनी गिरवली कोठे? मैदानावर नव्हे, आपल्या दिवाणखान्यात. छात्रसेनेत नाव घालायला मुलगा येतो, तेव्हा पुष्कळदा आई-वडीलही बरोबर येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, सी सर्टिफिकेट मिळालं की लेखी परीक्षा द्यावी लागत नाही ना?" प्रश्न रास्त आहे. सी प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाण्याची सोय आहे, आणि त्या वाटेने उत्तम अधिकारी झाले आहेत. पण त्या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. आपल्या मध्यमवर्गाच्या कल्पनेतले सैन्य लेफ्टनंटपासून सुरू होते. त्याच्या खालचे लाखो लोक म्हणजे चित्रपटातल्या लढाईत मागे पळणारी गर्दी! मुलगा सैन्यात जाणार म्हणजे 'साहेब' होणार. शिपाई व्हायला खेड्यातली मुले आहेतच की.

त्या खेड्यातल्या मुलांपैकी एकाचे नाव नामदेव जाधव. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. मराठा पलटणीत साधा शिपाई. दंडावर एकही फीत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्याच्या तुकडीवर जर्मन मशीनगनांचा वर्षाव झाला. बहुतेक साथीदार पडले. तेवीस वर्षांच्या या शिपायाने दोन जखमींना दोन फेऱ्यांत, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागे आणले. मग तो एकटा परत गेला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्याने हातबॉम्ब घेतले आणि शत्रूची मशीनगन-ठाणी गप्प केली. शेवटी बांधावर चढून, तोफगोळे पडत असताना, मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या छात्राच्या त्रैराशिकाप्रमाणे हा मनुष्य सार्जंटच्याही तीन पायऱ्या खाली!

नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झाले. शाळा-कॉलेजांच्या सहली तेथे येतात, आणि पॅटन रणगाड्यापाशी उभे राहून फोटो काढणाऱ्या मुलांची दाटी होते. १९६५ साली खेमकरणच्या बाजूला असल उत्तर गावापाशी या पॅटन रणगाड्यांचा मोड झाला. जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांना एकामागून एक गाठणारा, आणि त्यातच प्राण देऊन परमवीर चक्राचा मानकरी झालेला अब्दुल हमीद कोण होता? हवालदार. फोटो काढणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते, हे एकदा घरी मुलांना विचारून पाहा. आणि त्याआधी स्वतःलाही.

आता शिबिराकडे वळतो. माझा त्या रात्री तेथेच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी गोळीबाराचा सराव होता. पॉइंट टू-टूच्या रायफली, मुले पालथी झोपलेली, समोर मातीचा बांध. कालच्या अंडर ऑफिसरची रायफल अडली. चाप ओढला, पण गोळी सुटेना. गडबडून तो अर्धवट उठला आणि रायफलीसकट वळून म्हणाला, "चालत नाहीये!" नळी शेजारच्या मुलाच्या बरगड्यांकडे फिरली होती.

हवालदार कसा तेथे पोहोचला ते मला दिसलेच नाही. दिसला तो त्याचा पंजा, नळी पुन्हा बांधाच्या दिशेने दाबून धरलेला. आवाज जराही चढला नव्हता. "तोंड माझ्याकडे करा," तो म्हणाला, "नळी नाही." त्याने रायफल मोकळी केली, अडकलेली गोळी काढून बाजूला ठेवली आणि मुलाला पुन्हा जागेवर झोपवले. "आता मारा. सावकाश."

कालच्या अपमानाची परतफेड करायला याहून सोयीची वेळ कोणती मिळणार होती? साऱ्या तुकडीदेखत एक वाक्य पुरे होते. ते त्याने उच्चारले नाही. संध्याकाळी तो अधिकाऱ्यांकडे गेला, आणि अडलेल्या रायफलीचे काय करायचे हा पाठ सगळ्यांना पुन्हा द्यायची परवानगी त्याने मागितली. मी तेथेच बसलो होतो. मुलाचे नाव त्याच्या तोंडून निघाले नाही.

त्या मुलात रातोरात क्रांती झाली असे मी सांगणार नाही. तसल्या क्रांत्या कथांतून होतात. जेवणाच्या रांगेत तो हवालदाराशेजारी उभा राहून काहीतरी विचारीत होता, एवढेच मी पाहिले. बोलता बोलता त्याने त्याला 'उस्ताद' म्हटले. हुद्द्यांच्या कोणत्याही तक्त्यात हा शब्द सापडायचा नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही जवान छात्रांची चेष्टा करतात. दहा दिवसांच्या सहलीला आलेली पोरे म्हणून त्यांच्याकडे पाहतात. हेही बरे नव्हे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयांतून सक्तीची झाली आणि १९६८ पर्यंत तशीच राहिली. त्या वेळी हजेरीसाठी पाय आपटणारे पुष्कळ होते. आज जो मुलगा पहाटे पाचला उठून परेडला येतो, तो आपखुशीने येतो. त्याच्या उत्साहाची थट्टा करणे म्हणजे अंकुरावर पाय देणे.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २०२२ च्या योजनेपासून सैन्यात शिपाई म्हणून जाणारी मुले अग्निवीर या नावाने चार वर्षांसाठी घेतली जाऊ लागली. त्यानंतर चौथा हिस्सा कायम ठेवण्याची त्या योजनेत तरतूद होती. साडेसतरा वर्षांचा मुलगा त्यात जाऊ शकतो. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकावरचा छात्र आणि नगरच्या केंद्रात घाम गाळणारा अग्निवीर हे एकाच वयाचे. एकाच्या घरी पुढच्या पाच वर्षांचा खर्च वडिलांनी बाजूला काढून ठेवलेला असतो. दुसऱ्याच्या मनिऑर्डरीवर बहिणीचे लग्न अडलेले असते. या दोघांनी एकमेकांना 'तू' म्हणावे, आणि ते बरोबरीचे, मैत्रीचे 'तू' असावे, याहून दुसरी कोणती एकात्मता आपल्याला हवी आहे?

दिवाळीत आपल्याकडे जवानांसाठी फराळाचे डबे पाठवण्याची चांगली चाल पडली आहे. शाळेतल्या मुली सीमेवर शुभेच्छापत्रे धाडतात. ते जरूर करावे. पण शिपाई पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. निवृत्तीनंतर तो कोठे जातो? आपल्या बँकेच्या दारात, एटीएमच्या काचेबाहेर आणि आपल्याच सोसायटीच्या फाटकाशी. निळा गणवेश, हातात काठी, टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. सीमेवर होता तोवर तो 'आमचे वीर जवान' होता. फाटकावर आला की आपली सातवीतली मुले सायकलवरून ओरडतात, "ए वॉचमन, गेट उघड!" आणि आपण गॅलरीत उभे राहून ते ऐकतो.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाचे एक ताट घेऊन मुलाला फाटकावर पाठवा. ताट देऊन लगेच परत येऊ नकोस, दहा मिनिटे बस, असे त्याला बजावून सांगा. काका, तुम्ही कोणत्या पलटणीत होता, हे विचारायला सांगा. पुढचे सारे तो म्हातारा फौजी सांगेल. आणि मुलगा घरी परत आल्यावर त्याचे जेवण लांबले, तर रागावू नका.