पाहुणा आणि मागचे दार

नवरात्रात व चैत्रोत्सवात सप्तशृंगगडावर जाणारे कित्येक भाविक आपल्या वणीत मुक्काम करतात. लॉजवर नोंदवहीत त्यांचे नाव-गाव लिहून घेतात. पण आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरावे, हे कोणी सांगत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा कितीतरी पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढले ते तिथल्या नोकरवर्गानेच. काहींनी त्यात प्राणही दिले. त्यांना इमारत ठाऊक होती. इथे गर्दीपुरती आमच्यासारखी पोरे कामाला लावतात. (आमच्या घरचे कोणी लॉजात कधी राहिलेले नाही, ते असो!) चादरी कुठे ते पहिल्याच दिवशी कळते; मागच्या दाराची किल्ली कोणाकडे, ते शेवटपर्यंत नाही. मालकांनी कॅमेरे जरूर लावावेत, पण आधी त्या दाराचे कुलूप काढावे.