दुसरा कॅमेरा

डोळा एकच लावायचा, मग कॅमेरे दोन कशाला? असे शहाणी माणसे विचारतात. पण अंतरपाट एकदाच दूर होतो. नेमके तेव्हाच यंत्र रुसले, तर वधूवरांना पुन्हा उभे करायचे की काय?

रॉबर्ट कापा २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये सुरुंगाने गेला, तेव्हा त्याच्याजवळ दोन कॅमेरे होते: एकात कृष्णधवल फिल्म, दुसऱ्यात रंगीत. फिल्म बदलण्याइतकी उसंत युद्ध देत नाही. आज फिल्मऐवजी भिंगे बदलावी लागतात, एवढाच फरक.

हौशी माणसाने एकावर भागवावे. डोंगर उद्याही तिथेच असतो. मात्र दुसऱ्याचा क्षण पैसे घेऊन टिपणाऱ्याने दुसरा कॅमेरा बाळगावाच. जुना चालेल, पहिल्याची भिंगे त्याला बसली म्हणजे झाले.