प्रयोग तुमचा, बिल आमचं?

रिसोडहून चुलतभावाचा फोन: "पोराच्या स्टेम सेलसाठी दोन एकर इकू का रे?" पोराला सेरेब्रल पाल्सी. मुंबईच्या एका दवाखान्याने व्हॉट्सॲपवर पॅकेज पाठवलेलं.

१९९८मध्ये मानवी भ्रूणातून स्टेम सेल वेगळ्या केल्या, तेव्हापासून नैतिकतेचा वाद भ्रूणाभोवतीच फिरतो. पण भावाला विकत होते त्या पोराच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी. इथे पणाला भ्रूण नाही, सातबारा आहे.

आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून चाचणीच. आणि चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

"निदान आशा तर मिळते," म्हणतात. मग आशेला ॲडव्हान्स कशाला? आम्ही बीटा ॲप तपासणाऱ्याकडून पैसे मागत नाही. इथे तर पोराच्या पाठीत सुई जाते.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. बिलच त्याच्या विरोधात आहे. पैसे मोजलेल्या बापाच्या पोराला तुलनेसाठी नुसतं सलाइन कोण देणार? आणि तुलनाच नसेल, तर गुण आला हे कळणार कसं?

भावाला म्हटलं, शेत राहू दे. आधी चाचणीचा नोंदणी नंबर माग. खरी चाचणी असेल तर बिल नसतं. बिल असेल तर तो धंदा.