पेटीमास्तर कुठे राहतात?

जून महिन्यात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या गावांत वह्या-दप्तरांच्या खरेदीबरोबर एक चौकशी हमखास ऐकू येते. ‘लेकराला पेटी शिकवायचीय, चांगलं कुणी आहे का?’ विचारणाऱ्याला बहुधा दोन पत्ते मिळतात. एक तालुक्याच्या गावातल्या क्लासचा. त्याच्या पाटीवर गायन, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, गिटार आणि नृत्य सगळे एकाच ओळीत असते आणि शिकवणारा बहुतेक वेळा एकच असतो. दुसरा पत्ता मोबाइलमधला. हे दोन्ही जमले नाही की पालक सांगून मोकळे होतात, ‘आपल्याकडं शिकवणारंच कुणी नाही.’

वर्षभर कुठल्या ना कुठल्या गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू असलेल्या जिल्ह्यात हे बोलले जाते. सात दिवस पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि आठव्या दिवशी काला. त्या प्रत्येक कीर्तनात मागे कुणीतरी पखवाज घेऊन बसलेला असतो, कुणी पेटी धरलेली असते, दोन-तीन गायक चाल उचलून धरतात. ही माणसे आकाशातून पडत नाहीत. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर याच वारकरी परंपरेतले. त्यांच्या पखवाजाला पद्मश्री मिळाली आणि पुत्र उद्धवबापूंनी ते वादन पुढे नेले. नेकनूरचे बंकटस्वामी विष्णुबुवा जोगांचे शिष्य, आणि जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत या जिल्ह्यातली मुले आजही वळकटी घेऊन जातात. अभंग पाठ करतात, पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायला शिकतात आणि काही वर्षांनी गावी परततात. परतलेल्या त्या मुलाला गाव ‘महाराज’ म्हणते, त्याच्या पाया पडते. मात्र आपल्या पोराला याच्याकडे बसवावे, हे सहसा कुणाला सुचत नाही.

जवळचे न दिसण्याची खोड जुनीच आहे. गदगचे भीमसेन जोशी 1933 साली गुरूच्या शोधात घरातून पळाले. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण केल्यावर विनायकराव पटवर्धनांनी त्यांना परत जायला सांगितले, कारण हवा तो गुरू, सवाई गंधर्व, गदगजवळच्याच कुंदगोळात होता. इतक्या भटकंतीला आजच्या पालकांकडे वेळ नाही. त्यांनी गावातल्या सप्ताहात पुढे जाऊन बसावे आणि महाराजांच्या तोंडाऐवजी मागच्या माणसाच्या हाताकडे पाहावे.

अर्थात कीर्तनाची उत्तम साथ करणारा प्रत्येक जण उत्तम शिकवतो, असे मुळीच नाही. काहींना स्वतःला येते, पण ते उलगडून सांगता येत नाही. वारकरी चाली बऱ्याचदा उंच पट्टीत असतात. मोठ्यांच्या पट्टीत ओढून गाताना मुलांचे गळे बसतात आणि आवाज फुटण्याच्या वयात, तेराव्या-चौदाव्या वर्षी, तर कायमची इजा व्हायची भीती. जो शिक्षक मुलाची पट्टी आधी शोधतो, आवाज फुटत असताना ‘थोडे दिवस खालच्या सुरात गुणगुण’ म्हणतो, तो धरावा. जो आपल्याच काळी एकमध्ये सगळ्यांना गायला लावतो, त्याला नमस्कार करून निघावे. तीच गोष्ट पेटीची. गळ्यातून निघणाऱ्या प्रत्येक सुराबरोबर मास्तर पेटी वाजवत असतील, तर मुलाचा सूर त्याचा स्वतःचा आहे की पेटीचा, हे कधी कळणारच नाही. मधूनच भाता थांबवून ‘आता एकटा म्हण’ असे सांगणारा मास्तर दुर्मीळ, आणि पाटी काय सांगते यापेक्षा हे पाहणे मोलाचे. त्यासाठी फी भरण्याआधी दुसऱ्याच एखाद्या मुलाच्या शिकवणीला तासभर कोपऱ्यात बसू द्या, अशी विनंती करावी. नाही म्हणणाऱ्याचे कारण ऐकून घ्यावे, बहुधा ते पटत नाही.

मोबाइलवरच्या शिकवणीबद्दल फार लिहायला नको. सूर दाखवणे, चीज समजावणे तिथे होते. ताल होत नाही. तिकडचा ठेका इकडे पोचायला सेकंदाचा काही भाग लागतो आणि तेवढ्यात सम निघून जाते. पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात रेंज जाते-येते, तो भाग वेगळा.

मग प्रमाणपत्राचे काय? पालकांच्या चौकशीत हा प्रश्न दुसरा असतो, कधी कधी पहिलाच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढे अलंकारपर्यंत जातात, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. या गुणांनी संगीताचे भले किती केले, हा वादाचा विषय आहे. क्लासवाल्यांचे भले नक्की केले. तीन रागांच्या आलाप-ताना घोकून घ्यायच्या, दोन ताल हातावर मोजून दाखवायचे, गुण मिळाले की पेटी माळ्यावर. विशारद झालेला शिक्षक मिळाला तर चांगलेच, पण त्या कागदावरून तो स्वतः शिकल्याचे कळते. त्याला शिकवता येते का, हे कागद सांगत नाही.

फीचा विषय तर बोलूच नये असा. लातूरच्या वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासला पोराला घालायचे म्हटले की इथला बाप एकर गहाण टाकायला मागेपुढे पाहत नाही. तिथे कुणी घासाघीस करत नाही. पेटीमास्तरांच्या महिन्याच्या शे-दोनशे रुपयांसाठी मात्र ‘दोन लेकरं आणतो, काहीतरी कमी करा’. सप्ताहातही न्याय तोच. कीर्तनकाराची बिदागी आधी ठरते, मृदंगाचार्यांना काल्याच्या दिवशी नारळ, उपरणे आणि हातात येईल ते. अशा माणसाने शिकवणी लावायची ती कशाच्या भरवशावर? तो मग लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो किंवा पुण्याला जातो.

सरकारकडून आशा धरावी तर शिक्षण हक्काच्या कायद्यात (2009) सहावी ते आठवीत शंभरावर मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, अशी तरतूद आहे. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत हा निदेशक कुणी पाहिला असेल तर त्याने हात वर करावा.

आणि मुली? वारकरी परंपरेच्या शाळांत जवळपास सगळे मुलगेच. मुलीला संध्याकाळी परक्या मास्तरांच्या घरी एकटीने पाठवायला आई-बाप कचरतात, यात त्यांचे काही चुकते असे नाही. परिणामी ज्या घरात गळा पोरीचा चांगला, त्या घरात पेटी पोराला मिळते. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी हे चित्र जरा बरे असावे. दर नोव्हेंबरात तिथे यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गाणे ऐकायला मिळते, आणि ज्या गावाला ऐकायची सवय असते तिथे शिकवणाऱ्या बायाही निघतात. धारूर-वडवणीच्या वाडी-तांड्यांवर ती सोय नाही.

तांड्यांवरून आठवले. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, सोबत लेकरेही जातात. जूनमध्ये लावलेली शिकवणी तिथे तुटते आणि गांधर्व मंडळाचे हिवाळी परीक्षासत्रही त्याच काळात येते. उन्हाळ्यात मात्र हीच लेकरे गावात असतात. कामही नाही, शाळाही नाही.

म्हणून एक सूचना. सप्ताहाच्या वर्गणीत मांडव, जेवणावळ, स्पीकर, महाराजांची बिदागी, सगळ्यांचे आकडे धरलेले असतात. त्यात आणखी एक आकडा धरावा. सप्ताह उठल्यावर पखवाजवाल्या किंवा पेटीवाल्या माणसाला चैत्र ते ज्येष्ठ गावातच ठेवावे, मंदिराच्या पारावर रोज संध्याकाळी दोन तास, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. आषाढातल्या दिंडीआधी पोरांना चार चाली आणि एक ठेका येईल. स्पीकरचा एक कर्णा कमी केला तरी पैसे निघतील. बैठकीत विषय निघाला की खर्चावर थोडी खळखळ होईल, ती मिटेलही. त्यानंतर कुणीतरी हळूच विचारील, ‘पोरीबी बसवायच्या का?’ ज्या गावात याचे उत्तर ‘हो’ येईल, तिथेच वर्गणीची पावती फाडावी.