दिवा यंत्राचा, मर्जी कोणाची?

यंत्र आपोआप काम करते ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते कोणाच्या सोयीने काम करते, हेही व्यापाऱ्याने पाहिले पाहिजे.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्यासारख्या कापडवाल्यांनाही संगणकाला हात लावणे भाग पडले. दरमहा विवरण भरणाऱ्याला 11 आणि 20 या तारखा चुकवता येत नाहीत. दिवसा गिऱ्हाईक आणि मालाची ने-आण, म्हणून ही लिखापढी रात्रीच होते. यासाठी आम्ही नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने तारीफ केली, "शेठ, अंधार पडला की बटणांखालचा दिवा आपोआप लागतो."

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी अक्षरे ओळखतो, पण त्यांच्या जागा बोटांना पाठ नाहीत. बटण पाहिल्याशिवाय बोट टेकत नाही. आमचे बहुतेक व्यापारी व कारागीर बांधव याच जातकुळीतले आहेत. ज्याला दिव्याची खरी गरज, त्यालाच हा आपोआप दिवा दगा देतो.

असे का होते? उजेड मोजणारा डोळा बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याजवळ असतो. गादीवर बसून काम करताना ट्यूबलाइट त्या डोळ्यावर पडते आणि बटणे मात्र आपल्याच हाताच्या सावलीत राहतात. यंत्र समजते, उजेड भरपूर आहे. दुसरी गोष्ट, काही सेकंद बटण दाबले नाही तर दिवा विझतो. चलनावरचा आकडा वाचून मान वर करावी, तर पुढे अंधार.

एकदा इंदूरच्या मालाचे ई-वे बिल करताना दिवा असाच विझला. तो पेटावा म्हणून अंदाजाने एक बटण दाबले. दिवा लागला, पण रकमेपुढे शून्यही पडले आणि 64,500 चे 6,45,000 झाले. चूक वेळीच ध्यानात आली, म्हणून 24 तासांच्या आत ते रद्द करून नवे काढता आले. गाडी वाटेत अडली असती तर? 5208 आणि 5209 मध्येही एकाच बटणाचे अंतर आहे, पण पहिला हलक्या सुती कापडाचा क्रमांक, दुसरा जड कापडाचा.

आम्ही आपोआप चालणाऱ्या यंत्राच्या विरोधात नाही. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ती सोय नसती तर किती कापड वाया गेले असते! पण तिथे यंत्र प्रत्यक्ष धागाच तपासते, आणि माग चालू-बंद करण्याचा दांडा विणकराच्या हातात असतो. लॅपटॉप उजेड मोजतो एका जागी आणि दिवा विझवतो दुसऱ्या जागी.

यावर उपाय आहेत. मॅकबुकच्या सेटिंग्जमध्ये, कीबोर्डच्या विभागात, दिव्याचा आपोआप कारभार बंद करता येतो आणि विझण्याच्या वेळेपुढे 'नेव्हर' निवडता येते. डेल व एचपीच्या अनेक लॅपटॉपांत ही वेळ बायोसमध्ये बदलता येते. दिवा असलेल्या अनेक थिंकपॅडवर एफएन आणि स्पेसबार एकत्र दाबले की तो हाताने लागतो. जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाकडून करून घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

नवा लॅपटॉप घेताना मात्र दुकानातला दिवा मालवायला सांगावा. बटणांचा उजेड हाताने लावता येतो का, तो किती वेळ टिकतो, वीज गेल्यावर बॅटरीवरही तितकाच टिकतो का, हे समोर पाहूनच पैसे मोजावेत. आपण थान उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही. मग हजारो रुपयांचे यंत्र न पाहता का घ्यावे?