प्रिंट टाकून बघ!

मंडळी, आज जरा भांडायच्या पवित्र्यात लिहितो आहे. आमच्या नात्यातले इंजिनिअर हे वाचतात. त्यांनी खुशाल रागवावे, पण उत्तर द्यावे.

बेलापूर-श्रीरामपूरकडची पोरे जावा शिकतात. प्रोग्रॅम चुकला की त्यांना एकच मंत्र मिळतो, "प्रिंट टाकून बघ". मग ओळीओळीला प्रिंट आणि पडद्यावर आकड्यांचा पूर. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आत डोकावता येते, त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात, हे तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने प्रथम माझ्याकडून ऐकले. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मास्तर!

बरे, कल्पना नवी म्हणावी तर १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅकवरसुद्धा ठराविक जागची तार काढून गणित मध्येच थांबवीत.

"ते नोकरीत शिकतात हो", असे सांगतात. पण मुलाखतीत चुकीचा प्रोग्रॅम पुढे ठेवला की गावाकडचे पोर गोंधळते आणि शिक्का बसतो 'ढ' म्हणून. शिकवले नाही ते येणार कुठून?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅममध्ये तर हे फारच नडते. पतसंस्थेचे उदाहरण घ्या. 'खाते' हा मूळ क्लास, त्याचे वारस 'बचतखाते' आणि 'कर्जखाते'. व्याज चुकते म्हणून मुलगा 'खाते'मधल्या व्याजाच्या मेथडवर ब्रेकपॉइंट लावतो. कर्जाच्या वेळी प्रोग्रॅम तिथे थांबतच नाही, कारण कर्जखात्याने ती मेथड स्वतःची वेगळी लिहिलेली असते. हे न थांबणे हाच चुकीचा पत्ता! मग ब्रेकपॉइंट कर्जखात्यात हलवला, तर पाचशे खात्यांना पाचशे वेळा थांबणार. तिथे अट घालायची : खाते क्रमांक ३१२ असेल तरच थांब. थांबल्यावर त्या एका ऑब्जेक्टचे मुद्दल, दर, मुदत सगळे समोर दिसते आणि कोणत्या मेथडने कोणाला हाक मारली त्याची उतरंडही दिसते.

काम झाले की ब्रेकपॉइंट लगेच पुसू नये, नुसता बंद करून ठेवावा, पुन्हा लागतो. आणि वीस-वीस लावून ठेवणारेही मला मान्य नाहीत. ती प्रिंटचीच दुसरी तऱ्हा झाली.

प्रिंट अगदीच टाकाऊ नाही. एकाच वेळी अनेक धागे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थांबवले की वेळेचे गणित बदलते आणि चूक लपून बसते. तिथे नोंदच बरी. पण पहिल्या वर्षाच्या पोराला ती अडचण कुठली?

खर्चाची सबब तर सांगूच नका. ब्लूजे हे शिकवण्यासाठीच केलेले सॉफ्टवेअर फुकट मिळते. ओळीच्या डाव्या कडेला टिचकी मारली की ब्रेकपॉइंट लागतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत बिघडलेला प्रोग्रॅम द्या आणि विचारा, ब्रेकपॉइंट कुठे लावशील आणि का? त्याला गुण ठेवा.

असो. ज्यांना पटत नसेल त्यांनी वरचे ३१२ नंबरचे खाते प्रिंटने सोडवून दाखवावे. किती ओळी लागल्या तेही कळवावे.