कधी ऐकवणार?

‘बँजो शिकतेय’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘कुठल्या पार्टीत?’ समोरच्याची चूक नाही. मिरवणुकीत वाजतो तो आपला बँजो, म्हणजे खरं तर बटणांचा बुलबुलतरंग. माझा वेगळा. डफासारखा गोल, लांब मानेचा, पाच तारांचा. मामेभावाने अमेरिकेहून आणला, वर्षभर कपाटावर ठेवला आणि शेवटी माझ्या गळ्यात मारला.

त्यावर मी ‘ओल्ड टाइम’ शिकतेय. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांमधलं हे जुनं नाचाचं संगीत. त्यातलं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, युरोपातून आलं. बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचा; सुरुवातीला भोपळ्यावर कातडं ताणून केलेला. यात तार खेचत नाहीत, नखाच्या पाठीने वरून खाली मारतात. मग अंगठा आखूड पाचव्या तारेवर, आणि ती आपली एकाच सुरात वाजत राहते. तंबोरा ऐकलेल्या कानाला हे लगेच पटतं. हाताला नाही. दोन महिने नुसती खटखट होती. आता आठ महिन्यांनी चार धुना येतात. बरं, साडेतीन.

दुसरा प्रश्न : ‘मग कधी ऐकवणार?’ तिसरा : ‘रील टाक ना!’

इथे माझी सटकते. आमच्या ताईने गाण्यात विशारद केलं आणि त्यानंतर पेटीचं झाकण उघडलेलं नाही. परीक्षा संपली, विषय संपला. आपण काहीही शिकायला घेतलं की त्याला सर्टिफिकेट, स्टेज नाहीतर फॉलोअर्स चिकटवल्याशिवाय राहवतच नाही का?

ओल्ड टाइमवाले गोल करून बसतात. धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा. फेरी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिनिटाची, पण तीच पंधरा-वीस वेळा. सोलो नाही, सगळे एकत्र. नवखा मागे बसून जमेल तेवढं उचलतो. थांबायचं झालं की फिडलवाला पाय उचलतो : शेवटची फेरी.

नॉर्थ कॅरोलिनातले टॉमी जॅरेल रस्ते खात्यात ग्रेडर चालवायचे. निवृत्तीनंतर लांबलांबून पोरं त्यांच्या घरी शिकायला यायची. त्याच राज्यातले जो थॉम्पसन फर्निचरच्या कारखान्यात होते. २००५ मध्ये तीन कृष्णवर्णीय तरुण त्यांच्याकडे दर गुरुवारी रात्री वाजवायला जाऊ लागले. पुढे त्या तिघांच्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ बँडला ग्रॅमी मिळालं, हे खरं. पण म्हाताऱ्याबरोबर वाजवताना त्यांना मार्क कोण देत होतं?

मैत्रीण म्हणते, हे आळसाचं समर्थन आहे. थोडं आहेच. पण प्लेसमेंटच्या या वर्षात रोजची वीस मिनिटं अशी आहेत, जिथे माझा कुणी रँक काढत नाही. सीव्हीतल्या ‘हॉबीज’मध्येही मी बँजो टाकलेला नाही. टाकला तर लेव्हल विचारतील.

हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत एक जण लहानपणी व्हायोलिन शिकलेली निघाली. रविवारी आम्ही गच्चीवर एकच धून वाजवत बसतो. परवा तिने पाय उचलला, माझं लक्षच नव्हतं. मग काय, अजून तीन फेऱ्या झाल्या.